'तर'चा गोतावळा

मराठीत ज्या शब्दांवाचून एक दिवसही निभणार नाही, अशा शब्दांची यादी करायला बसले तर भरभक्कम नामे आणि क्रियापदे मागे पडतात आणि दोन अक्षरी अव्यये पुढे येऊन बसतात. त्यांतले 'तर' हे अव्यय माझ्या विशेष आवडीचे आहे. सांगलीच्या एका शाळेत अनेक वर्षे मराठी शिकवताना उभयान्वयी अव्ययांच्या धड्यात 'जर-तर'ची जोडी फळ्यावर लिहायची, तिला संकेतार्थी म्हणायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, एवढेच 'तर'च्या वाट्याला यायचे. निवृत्तीनंतर शब्दकोशांत रमायला सवड मिळाली, तेव्हा लक्षात आले की 'तर' या अक्षरजोडीपाशी एक नव्हे, अनेक शब्द उभे आहेत. ते एकमेकांचे कोणी लागतात की केवळ एका आडनावाचे निघाले आहेत, हा प्रश्न मनात आला आणि मग तो सुटेना.

आधी घरचा 'तर' पाहू. 'जर पाऊस आला तर मी येणार नाही' या वाक्यातला 'जर' बोलताना आपण सर्रास गाळतो, पण 'तर' गाळून पाहा. वाक्य अर्ध्यावर लटकते. म्हणजे जोडी असली तरी संसार एकटा 'तर'च चालवतो. शिवाय त्याची कामे एवढ्यावर संपत नाहीत. 'मी तर गेलोच नव्हतो' या वाक्यात अट कसलीच नाही. तिथे 'तर' बोलणाऱ्याला इतरांपासून वेगळा काढून उभा करतो. 'नाही'ला चिकटला की विकल्प होतो आणि आमच्या भागात 'न्हायतर' होऊन धमकीही होतो. 'ही' त्याच्यात मिसळला की 'तरी' होतो, आणि या 'तरी'ची करामत तर थक्क करणारी आहे. 'एवढे तरी खा' म्हटले की तो 'निदान' होतो, 'सांगितले तरी ऐकले नाही' म्हटले की विरोध दाखवतो, आणि 'कोण', 'काय', 'कुठे' या प्रश्नांच्या शेपटीला लागला की प्रश्नातला प्रश्नच काढून घेतो. 'कोण आले?' हा प्रश्न असतो. 'कोणीतरी आले' ही बातमी होते.

माझी आजी वाळवा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावची. तिच्या तोंडी 'तर' हे अख्खे वाक्य होते. "आजी, एवढा सगळा स्वयंपाक तू एकटीनं केलास?" असे विचारले की ती म्हणायची, "तर!" आणि थोडे थांबून, "दुसरं कोन करनार हाय हितं?" या एका 'तर'मध्ये होकार होता, अभिमान होता, आणि विचारणाऱ्याच्या अडाणीपणाबद्दलची कीवही होती. सातारा-सांगलीकडच्या बोलीत 'व्हय तर', 'तर काय' ही रूपे आजही रोज ऐकू येतात, पण नुसता, एकटा, उद्गारचिन्हासकट उच्चारलेला 'तर!' हा अव्ययाच्या आयुष्यातला परमोच्च क्षण आहे असे मला वाटते. अट गळली, वाक्य गळले आणि फक्त निष्कर्ष उरला.

हा 'तर' आला कोठून? संस्कृतात 'तर्हि' म्हणजे 'त्या वेळी, तसे असेल तेव्हा' असा शब्द आहे. त्याचे सोबती 'यर्हि' आणि 'कर्हि'. 'यर्हि'चा 'जर' झाला आणि 'तर्हि'चा 'तर'. जुन्या मराठीत 'तऱ्ही' असे रूप भेटते, त्यात मुळातला 'ह' अजून शाबूत दिसतो. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय 'तरी अवधान एकलें दीजे' असा थेट 'तरी'नेच उघडतो. आधी काही म्हटलेले नाही, अट घातलेली नाही, आणि वक्ता 'तरी' म्हणून श्रोत्यांना हाताशी धरतो. आजकाल बातम्या सांगणारे निवेदक प्रत्येक वाक्य 'तर' म्हणून सुरू करतात आणि भाषाशुद्धीवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. त्यांना हा अध्याय दाखवावा. अर्थात निवेदकांना तो दाखवायची गरज नाही, नाहीतर ते ज्ञानेश्वरांचा दाखला देऊन आणखी चार 'तर' घालतील.

दुसरा 'तर' पाण्यातला आहे, आणि तो स्त्रीलिंगी आहे. कोकणात खाडी ओलांडायला 'तर' असे, तरीवर माणसे जमत आणि तरीने पलीकडे जात. (सामान्यरूपात ती 'तरी' होते, म्हणजे लिहिताना ती मघाच्या अव्ययासारखीच दिसते.) कृष्णाकाठी आम्ही मात्र तिला 'नाव' म्हणतो. सांगलीत १९२९ साली आयर्विन पूल झाला, त्याआधी नदीपलीकडून गावात यायचे म्हणजे नावेतून किंवा उन्हाळ्यात नदीच्या उतारातून, म्हणजे उथळ जागेतून. औदुंबरला दत्ताचे दर्शन घेऊन पलीकडच्या भुवनेश्वरीला जाणारे भाविक आजही नावेत बसतात. पुराच्या दिवसांत गुळाची काहिलदेखील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढईदेखील, नाव व्हायची, असे जुनी माणसे सांगतात. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि रस्ते, पूल, मोटारी असलेल्या या काळातही नदीकाठच्या गावांचे जगणे पुन्हा नावेच्या भरवशावर येऊन पडले. ब्रह्मनाळला ती नावच उलटली. त्या आठवड्यात 'तरणे' आणि 'तारणे' या क्रियापदांचा मूळचा अर्थ काय होता, हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागले नसते.

त्या क्रियापदांचे मूळ 'तॄ' हा धातू: ओलांडणे, पार होणे. या एका धातूची मराठीतली प्रजा मोजायला बसले तर दमछाक होते. तारू, तारक, तरंग आहेतच, पण 'तीर्थ'ही त्याचेच आहे. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडता येईल अशी उथळ जागा. तिथे माणसे थांबली, स्नान करू लागली, देऊळ उभे राहिले, आणि पुढे पाणी नसलेल्या डोंगरावरच्या देवस्थानालाही तीर्थ म्हणू लागले. देव वरून खाली ओलांडून आला की 'अवतार' होतो. आणि माझा सर्वांत लाडका शब्द 'उतारू'. सांगलीच्या बसस्थानकावर 'उतारूंना विनंती आहे की' अशी घोषणा ऐकली की मला वाटते, या शब्दाने मोटार, रेल्वे आणि त्यांच्याबरोबर आलेली सगळी परकी नावे पचवली आणि आपण नदीच्या उतारावरचाच राहिला.

या 'तॄ'चे भाऊबंद भारताबाहेर आहेत. लॅटिनमध्ये 'पलीकडे' या अर्थाचा 'त्रान्स' हा शब्द त्याच कुळातला. ट्रान्सपोर्ट, ट्रान्सफर, ट्रान्सफॉर्मर या आपल्या रोजच्या शब्दांच्या तोंडी तो बसला आहे. इंग्रजीतला 'थ्रू' त्याच घरचा. आणि ज्याने मी अक्षरशः खुर्चीतून उठलो तो शब्द जुन्या आयरिश भाषेतला: 'ओलांडून, पलीकडे' या अर्थाचे तिथले अव्यय चक्क 'तर' असे आहे. हजारो वर्षे आणि अर्धे जग मध्ये घालून युरोपच्या पश्चिम टोकावरच्या बेटात आणि कोकणच्या खाडीवर एकच धातू जवळजवळ एकाच रूपात शिल्लक राहावा, हे नवल आहे. आज आयरिश लोक त्याचा उच्चार 'हर'च्या जवळ जाणारा करतात, म्हणजे आता कानाला ते नाते कळणारही नाही. उलट त्यांच्याच भाषेत 'ये' अशी आज्ञा करायची तर 'तर' म्हणतात, आणि त्या 'तर'चे या 'तर'शी काहीही नाते नाही.

इथे थोडे थांबून, दर आठवड्याला मोबाइलवर येणाऱ्या एका प्रकारच्या संदेशांबद्दल बोलले पाहिजे. अमुक इंग्रजी शब्द तमुक संस्कृत शब्दावरून आला, कारण दोन्ही सारखे ऐकू येतात, अशी पन्नासेक उदाहरणे त्यांत असतात आणि शेवटी अभिमान बाळगण्याचे आवाहन असते. काही दिवसांनी तसाच संदेश येतो, फक्त संस्कृतच्या जागी तमिळ असते. मला या संदेशांचा राग अभिमानासाठी येत नाही, आळसासाठी येतो. सारखे ऐकू येणे हा शब्दांच्या नात्याचा सर्वांत कच्चा पुरावा आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात तिथले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे भाषण केले, तेव्हापासून अभ्यासकांनी जो पुरावा गोळा केला तो सारखेपणाचा नाही. तो नियमित फरकाचा आहे. १८२२ मध्ये याकोब ग्रिमने, म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतल्या थोरल्याने, हा फरक नियमात बांधला. संस्कृतात जिथे 'त' आहे तिथे इंग्रजीत 'थ' येतो: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृषा आणि थर्स्ट. संस्कृतात जिथे 'द' आहे तिथे इंग्रजीत 'ट': द्वि आणि टू, दश आणि टेन, दन्त आणि टूथ.

हा नियम हातात घेतला की इंग्रजीतल्या 'टार' या शब्दाचा निकाल लागतो. नावेच्या फळ्यांना पाणी लागू नये म्हणून टार फासतात, नाव म्हणजे तर, म्हणून टार हा तरीवरून आला, असे कोणी सांगितले तर ऐकायला किती गोड वाटेल! पण इंग्रजीतला 'ट' संस्कृतातल्या 'त'चा असू शकत नाही. तो 'द'चा असला पाहिजे. आणि तो तसाच आहे. टार म्हणजे झाडातून निघणारा काळा चिकट रस, आणि त्याचे मूळ 'ट्री'च्या मुळाशी आहे. आपल्याकडचा त्यांचा भाऊ म्हणजे 'दारु', लाकूड. देवदारातला दार तोच. तेव्हा टार आणि तर यांचे काही नाही, पण टार आणि देवदार यांचे रक्ताचे नाते आहे. आपण त्या पदार्थाला डांबर म्हणतो. त्याचे मूळ मलायी भाषेतल्या राळेच्या नावाशी जोडले जाते, म्हणजे हाही शब्द बहुधा जहाजातूनच उतरलेला. टार फासलेल्या जाड कापडाला इंग्रजीत 'टारपॉलिन' म्हणतात. आमच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर, तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर अवकाळी पाऊस आला की ओढली जाते ती 'ताडपत्री' याच शब्दाला मराठी अंगरखा चढवून झाली असावी असे मानणारे आहेत, आणि मला ते पटते. ताडाचे पान ज्याने कधी लिहायला किंवा छपरावर वापरले नाही, त्याच्याही जिभेला टारपॉलिनपेक्षा ताडपत्री सोपी पडली.

तिसरा 'तर' फारसीतून आला आणि तो ओला आहे. फारसीत 'तर' म्हणजे ओले, ताजे, रसरशीत. आदिलशाहीच्या काळात मिरजेसारख्या ठाण्यांत कारभाराची भाषा म्हणून फारसी वावरत होती, आणि कागदांवरून ती बाजारात आणि बाजारातून चुलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. घामाने माणूस 'तरबतर' होतो, तो या 'तर'मुळे. पिऊन 'तर्र' होतो तोही याच गावचा दिसतो. आतून भिजला एवढाच फरक. रश्शावर तरंगणाऱ्या लाल तेलकट थराला नागपुराकडे 'तर्री' म्हणतात, तिच्यामागे हिंदीतली 'तरी', आणि तिच्यामागे हा फारसी ओलावा. आमच्याकडे आणि कोल्हापुराकडे तिला 'कट' म्हणतात, आणि सांगलीकर विदर्भात जाऊन कट मागतो तेव्हा वाढणारा त्याच्याकडे पाहत राहतो. भाजीला 'तरकारी' म्हणणारी पिढी आता विरळ झाली, पण आठवडी बाजारात तो शब्द अजून कानावर पडतो. त्यातही फारसीचीच हिरवाई आहे.

'जर-तर' आणि 'जरतार' यांचा घोळ इथेच मिटवून टाकतो. शालूच्या पदरातली 'जर' म्हणजे फारसीत सोने आणि 'तार' म्हणजे धागा. अटीचा आणि सोन्याचा संबंध फक्त लग्नाच्या बोलणीत येतो, व्याकरणात नाही.

आता मी ज्या 'तर'पाशी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तिकडे येतो. तो शब्द नव्हे, प्रत्यय आहे. 'उच्च, उच्चतर, उच्चतम' हे आपण शाळेत शिकतो. पाणिनीने आपल्या 'अष्टाध्यायी' या व्याकरणग्रंथाच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात नियमच केला आहे की दोहोंत एक सरस ठरवायचा असेल तेव्हा 'तर' लावावा, आणि अनेकांत सर्वश्रेष्ठ ठरवायचा असेल तेव्हा 'तम'. या दोन प्रत्ययांना जोडून 'तरतम' झाले आणि त्याचे भाववाचक नाम 'तारतम्य'. कोणत्याही भाषेने दोन व्याकरणी शेपट्या एकमेकींना बांधून शहाणपणाला नाव दिले असेल असे मला ठाऊक नाही. मराठी माणूस 'जरा तारतम्य बाळगा' म्हणतो तेव्हा तो खरे म्हणजे 'अधिक आणि सर्वाधिक यांतला फरक ओळखा' असे सांगत असतो. हाच प्रत्यय 'इतर'मध्ये आहे. 'उत्तर'मध्येही आहे: 'उत्' म्हणजे वर, त्याच्याहून वरची ती उत्तर, हिमालयाच्या अंगाची. आणि इथे पुन्हा तोच कानाचा चकवा. 'उत्तर' आणि 'उतार' हे शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात. पण उत्तरेतला 'तर' तुलनेचा आहे आणि उतारातला 'तार' नदी ओलांडण्याचा.

पाणिनीचा आणखी एक नियम मला फार मजेदार वाटतो. वासरू, बैल, घोडा आणि वळू या चार जनावरांच्या नावांना 'तर' लावला की अर्थ वाढत नाही, घटतो, असे तो सांगतो. 'वत्सतर' म्हणजे जास्त वासरू नव्हे. ज्याचे वासरूपण सरत आले आहे ते. 'अश्वतर' म्हणजे जास्त घोडा नव्हे. ज्यात घोडेपणा कमी पडला आहे ते, म्हणजे खेचर. फारसीत खेचराला 'अस्तर' म्हणतात. कोटाच्या आतल्या अस्तराशी त्याचा संबंध नाही; तो थेट अश्वतराचा भाऊ आहे.

कारण फारसीतही तुलनेचा प्रत्यय 'तर'च आहे, आणि तो संस्कृतातून उसना घेतलेला नाही. दोघींनी तो एकाच आजीकडून वारशाने घेतला आहे. 'बद'चा 'बदतर', आणि मराठीत घासून 'बत्तर'. 'बेह' म्हणजे चांगले, त्याचा 'बेहतर', आणि मराठीत 'बेहत्तर'. आता 'प्राण गेला तरी बेहत्तर' हा आपला आवडता बाणेदार वाक्प्रचार घ्या. त्यातला पहिला 'तरी' संस्कृतातल्या 'तर्हि'चा, दुसऱ्या शब्दाच्या शेवटचा 'तर' फारसी तुलनेचा. दोन निराळ्या घराण्यांचे दोन 'तर' शेजारी शेजारी बसून एकच प्रतिज्ञा करतात, आणि ती प्रतिज्ञा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

याच प्रत्ययाची सगळ्यांत लपलेली स्वारी 'म्हातारा' या शब्दात आहे. संस्कृतात 'महत्तर' म्हणजे अधिक मोठा, गावातला ज्येष्ठ, मान्य पुरुष. प्राकृतातून घरंगळत तो मराठीत 'म्हातारा' झाला, आणि वाटेत मोठेपणातला अधिकार गळून नुसते वय उरले. निवृत्त माणसाला हे व्युत्पत्तिशास्त्र फार सुखद वाटत नाही, पण तक्रार करण्याआधी फारसी भावाचे काय झाले ते पाहावे. 'मेह' म्हणजे थोर, त्याचा 'मेहतर', अधिक थोर, सरदार. आजच्या पाकिस्तानातल्या चित्राल संस्थानाच्या राजाची पदवी 'मेहतर' होती. आणि आपल्याकडे तोच शब्द झाडलोट करणाऱ्या माणसाला चिकटवला गेला. ज्याला समाजाने खाली ढकलले त्याला थोरल्याची पदवी देऊन हाक मारायची, यात उपरोध होता, दुटप्पी आर्जव होते की दोन्ही, हे त्या हाका मारणाऱ्यांनाच ठाऊक. मला मात्र त्या शब्दातला 'तर' ऐकवत नाही.

इंग्रजीतही हा प्रत्यय आहे आणि ग्रिमच्या नियमाप्रमाणे तिथे त्याचा 'त' बदललेला आहे: 'अदर', 'व्हेदर'. संस्कृतात 'कतर' म्हणजे दोघांपैकी कोणता; 'व्हेदर'चा मूळचा अर्थही तोच. ग्रीकमध्ये 'तेरोस'. म्हणजे 'टार' आणि 'तर' कानाला सख्खे वाटतात आणि परके निघतात, तर 'व्हेदर' आणि 'कतर' यांच्यात कानाला काहीही समान सापडत नाही आणि ते एका आईची लेकरे आहेत. मोबाइलवरच्या संदेशांत 'व्हेदर' आणि 'कतर' ही जोडी कधी येत नाही.

आतापर्यंतचे 'तर' संस्कृत, फारसी, लॅटिन, इंग्रजी यांच्या एका मोठ्या कुळात किंवा त्याच्या आसपास फिरणारे होते. या कुळाबाहेर जायला मला पुस्तकांची गरज पडली नाही, कारण सांगली जिल्ह्याने त्याची सोय घरबसल्या केली आहे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली असंख्य कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली आहेत. अमृतसरपासून तमिळनाडूपर्यंतच्या सराफकट्ट्यांवर खानापुरी मराठी बोलणारा माणूस सापडतो. आमच्या ओळखीच्या अशा एका कुटुंबातला थोरला भाऊ पंजाबात आणि धाकटा तमिळनाडूत. यात्रेला सगळे गावी जमतात तेव्हा पोरांचे खेळ ऐकण्यासारखे असतात. पंजाबातून आलेल्या मुलीने पानातल्या काकडीकडे बोट दाखवून 'तर' मागितली. पंजाबीत लांब, हिरव्या काकडीला 'तर' म्हणतात. तिच्या तमिळ बोलणाऱ्या चुलत भावाने पाठोपाठ हात हलवून 'तर मुडियादु' असे सुनावले. त्याचा अर्थ 'देता येणार नाही, देणार नाही'. तमिळमध्ये 'देणे' या क्रियापदाचे रूप 'तर'! एकीने 'तर' म्हणजे वस्तू मागितली, दुसऱ्याने 'तर' म्हणजे देणे नाकारले, आणि मराठीच बोलणारी आजी म्हणाली, "दे की रं, मागतीया तर."

तमिळमधले हे देणे साधे देणे नाही. 'तोल्काप्पियम' या तमिळच्या प्राचीन व्याकरणग्रंथात सांगितले आहे की 'ता' किंवा 'तरु' हा धातू मला किंवा तुला देण्यासाठी वापरावा, आणि तिसऱ्या कोणाला देण्यासाठी 'कोडु' हा वेगळा धातू आहे. म्हणजे देण्याची दिशा बोलणाऱ्यांच्या बाजूला असेल तरच 'तर'. मराठीत आपण 'दे' म्हणतो आणि कोणाला ते चतुर्थीवर सोपवतो. द्राविडी भाषांनी ते धातूतच ठरवून टाकले. आणि ज्या भाषेत वस्तू बोलणाऱ्याकडे यायची आहे असे धातूच सांगतो, त्या भाषेत 'देणे' हळूहळू 'आणणे' व्हायला कितीसा वेळ लागणार? कन्नडमध्ये नेमके तेच झाले. तिथे हा धातू 'आणणे' या अर्थाने चालतो. 'ता' म्हणजे आण, 'तर्तीनी' म्हणजे आणतो.

कन्नडसाठी तर लांब जायलाच नको. जत तालुक्याच्या पूर्वभागात गावेच्या गावे कन्नड बोलतात आणि मिरजेच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच पिशवीत घातल्यासारख्या ऐकू येतात. तिथले लोक 'ई तरह' म्हणजे 'अशा तऱ्हेने' म्हणतात. तो शब्द अरबीतल्या 'तरह'चा, आपल्या 'तऱ्हा' आणि 'तऱ्हेवाईक' यांचा सोबती, दोन्ही भाषांनी मुसलमानी अमदानीत उचललेला. जतकडचा एखादा माणूस मिरजेच्या मंडईत बायकोला फोनवर 'तरकारी तर्तीनी' असे सांगताना सहज भेटेल. त्यातली तरकारी फारसी, तर्तीनी अस्सल द्राविडी, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध फक्त त्या पिशवीपुरता. शेजारची मराठी भाजीवाली एवढे कन्नड समजते. ती तराजू उचलते आणि म्हणते, "न्यायची तर लवकर न्या की, पावणं."